भरलं म्हणजे भागलं का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आपल्या हातानं केलेलं काम म्हणजे सेवा, असं आपण सत्संगात नेहमी म्हणतो. पण आपल्या हाताला कुठवर जमतं आणि कुठं थांबायचं, हे ओळखणं सेवेत येतं की नाही? हा प्रश्न मला पोथी वाचताना नाही, आमच्या जीपखाली वाकून बघताना पडला.

जीप महिंद्राची, एमएम 540, चारही चाकांना जोर देणारी. दुसऱ्या महायुद्धात विलिसच्या जीप निघाल्या, स्वातंत्र्यानंतर महिंद्रानं त्या आपल्याकडं जोडायला घेतल्या, त्याच घराण्यातली ही. सासऱ्यांनी तंबाखूच्या शेतावर जायला घेतली होती. गाडीला 15 वर्षं झाली की दर 5 वर्षांनी आरटीओत दाखवून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. त्यासाठी चिकोडीला हेलपाटे होतात, पण गाडी विकायला मन होत नाही. चालवतो मुलगा, देखभाल बघते मी.

बरीचशी कामं घरी होतात बघा. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस गननं ग्रीस भरायचं, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले ठेवायचे. फोर व्हीलचा दांडा कोरड्या डांबरी रस्त्यावर टाकायचा नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत चाक जरा घसरून तो फरक निघून जातो, डांबरावर तो सगळा ताण गिअरवर येतो आणि दांडा अडकून बसतो. म्हणून महिन्यातून एकदा शेताच्या कच्च्या वाटेवर फोर व्हील टाकून थोडं चालवायचं, म्हणजे आतलं ऑईल सगळीकडं फिरतं. ओढ्यातून गाडी काढली असेल तर डिफरन्शियलचं ऑईल बघायचं. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, ऑईल बदलायलाच पाहिजे.

एवढं जमायला लागलं आणि मला थोडा ताठा आला. मिस्त्रीचे पैसे वाचवते म्हणून घरात कौतुकही होत होतं. अशात एकदा ब्रेक ऑईल कमी दिसलं. मी भरलं. पंधरा दिवसांत परत कमी झालं. परत भरलं, आणि कुणाला काही बोलले नाही.

खरं तर मला माहीत होतं. ब्रेक ऑईल डिझेलसारखं जळून संपत नाही. ते बंद नळ्यांत असतं. पातळी उतरली तर दोनच कारणं, एक तर ब्रेक लायनर झिजलेत, नाहीतर कुठंतरी गळतंय. लायनर झिजले तर पातळी हळूहळू उतरते, पंधरा दिवसांत नाही. पण "मला जमलं नाही" म्हणायची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बेळगावला सत्संग होता. सेवेतल्या सहाजणी आमच्या जीपमधून जाणार होत्या, म्हणजे तवंदीचा घाट आला. रात्री शेजारच्या अक्कांचा फोन आला. "गाडी तू बघतीस म्हटल्यावर आम्हाला काळजी न्हाई की."

त्या वाक्यानं झोप उडाली. माझ्या एकटीच्या जिवाशी मी खेळले असते तर तो माझा मूर्खपणा. पण अक्कांनी त्यांचा जीव माझ्यावर विश्वासानं सोपवला होता, आणि तो विश्वास मी अर्धी गोष्ट लपवून घेतला होता. खोटं मी एक शब्दही बोलले नव्हते. तरी ते खोटंच होतं.

रात्री दहा वाजता सगळ्यांना फोन केले. "ब्रेकमध्ये दोष आहे, मला कळूनही मी सांगितलं नव्हतं. उद्या बसनं जाऊया." एकजण रागावली. तिचं बरोबरच होतं. आम्ही बसनं गेलो.

नंतर मिस्त्रीनं मागच्या चाकाचा ड्रम उघडला. व्हील सिलिंडरचं रबर गेलं होतं आणि लायनर ऑईलनं भिजले होते. त्यानं एवढंच विचारलं, "वहिनी, किती वेळा भरलं?" मी म्हटलं, "दोनदा." त्याच्यापासून दोष लपवला तर त्याला दुरुस्ती तरी कशी करता येणार?

आता माझा नियम साधा आहे. ग्रीस, हवा, ऑईलची पातळी, साफसफाई ही कामं माझी. ब्रेक आणि स्टिअरिंग शिकलेल्या हाताचं. काही कमी झालं तर भरायच्या आधी ते कुठं गेलं ते शोधायचं. आणि मी काय केलं, काय जमलं नाही, ते गाडीत बसणाऱ्याला आधी सांगायचं.

घरातही आपण असंच करतो ना? सून गप्प झाली की साडी आणतो, मुलगा तुटक बोलायला लागला की पैसे देतो. पातळी वर येते, गळती तशीच राहते. गुरुमाऊलींसमोर बसताना मीही वर्षानुवर्षं भरलेलंच भांडं दाखवत आले. गळतंय कुठं, ते सांगायला आता शिकतेय.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर आज बॉनेट उघडून ब्रेक ऑईलची पातळी नक्की बघा. कमी असेल तर नुसती भरून निघू नका.

श्री गुरुदेव दत्त 🙏