आडनाव न विचारणारी खोली

दारूत बुडालेल्या कार्यकर्त्याचं काय करायचं? आपण हाकलतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत 'दारू पिणार नाही' हीही आहे. ती मोडली की माणूस संपला, असा आपला हिशेब.

मला तो पटत नाही. वस्तीतल्या एका भावासोबत मी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या खुल्या मिटिंगला जातो. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन गावी दोन दारुड्यांनी हे काम सुरू केलं. फी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. नुसतं नाव सांगायचं, आडनाव नाही. आडनावावरून जात हुंगणाऱ्या आपल्या मुलखात अशी खोली आहे!

पण पहिलीच पायरी म्हणते, दारूपुढं आम्ही हतबल आहोत. हजारो वर्षं हतबल ठरवलेल्यांनी हे म्हणायचं? म्हणायचं. दारूपुढं हतबल म्हणजे माणसापुढं नव्हे. पुढच्या पायऱ्यांत देव येतो. पण ज्याला जसा समजेल तसा, अशी मुभाही तिथंच आहे. आपल्याला देव कशाला? समोर बसलेली माणसंच आपल्याहून मोठी शक्ती. बुद्धाचे भिक्खूही अमावास्या-पौर्णिमेला जमून नियम म्हणत, चुका कबूल करत. त्यालाच संघ म्हणतात.

प्रतिज्ञा एका दिवसात घेता येते. पाळायची रोज असते, अन् एकट्यानं पाळवत नाही. मोर्चात माणूस शेजारी हवा, तसा घसरल्यावरही हवा. हाकलणं सोपंय; ते तर गाव करतच आलंय.