ययातीचं म्हातारपण खरं माना

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या बी.ए.च्या एका विद्यार्थिनीने 'ययाति' वाचून विचारलं, "सर, शापाने माणूस क्षणात म्हातारा होतो, मुलगा त्याला आपलं तारुण्य देऊन टाकतो. हे खरं समजायचं की प्रतीक? आणि प्रतीक असेल तर कशाचं?" उत्तर गाइडमध्ये होतंच: ययाती म्हणजे भोग, कच म्हणजे संयम. ते तिला पाठही होतं. तरी तिचं समाधान झालं नव्हतं, याचा मला फार आनंद झाला.

वि. स. खांडेकरांची ही कादंबरी १९५९ची. तिच्यासाठी त्यांना १९७४चं ज्ञानपीठ मिळालं. सुखामागे धावणारा आजचा माणूस आपल्याला ययातीत दिसला, हे खांडेकरांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. मग वाचकाच्या वाट्याला काय उरलं, हा त्या विद्यार्थिनीचा पुढचा प्रश्न. माझ्या मते जवळजवळ सगळंच उरलं.

ते कसं, हे मारबतीत दिसतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालच्या रस्त्यांवर मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, १८८०च्या दशकापासून. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना सामील झालेली भोसल्यांची बांकाबाई, असं जुनी माणसं सांगतात. पण गर्दीत लेकरू कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या मनात तेव्हा बांकाबाई नसते. लेकराचा खोकला, घरातली पीडा घेऊन जा, असं ती त्या बांबू-कागदाच्या अक्राळविक्राळ पुतळ्याला अगदी मनापासून सांगते. सोबतच्या बडग्या नावाच्या पुतळ्यांवर दर वर्षी नवा राग लिहिलेला असतो, कधी महागाईवरचा, कधी भ्रष्टाचारावरचा. अर्थ असे बदलत जातात. पुतळा मात्र दर वर्षी बांधावा लागतो, मिरवावा लागतो आणि जाळावाच लागतो. नुसता अर्थ सांगून कुणाची पीडा गेलेली नाही.

कादंबरीतल्या अद्भुताचंही तसंच आहे. आधी ते घडू द्यावं लागतं. महाभारतात ययातीचे चार मुलगे नकार देतात, एकटा पुरू हो म्हणतो, आणि बाप त्या उसन्या तारुण्यावर हजार वर्षं भोग घेतो. हे म्हातारपण नुसतं प्रतीक मानलं तर पुरूने दिलं तरी काय? काहीच नाही. ते खरं मानलं की त्याचे गुडघे दुखू लागतात, त्याचे दात पडतात. खांडेकरांनी ययातीसोबत त्याची राणी देवयानी आणि शर्मिष्ठेलाही आपापल्या तोंडून बोलू दिलं आहे. शर्मिष्ठा पुरूची आई. तरण्याताठ्या मुलाचे केस पांढरे झालेले आईने पाहायचे, ही कल्पनाच अंगावर येते. ते दुःख सोसल्यावर भोगवादाबद्दल जे बोलायचं ते बोलावं. मग ते बोलणं पोकळ होत नाही.

मराठीच्या शिक्षकांना म्हणून एक विनंती आहे. 'प्रतीके स्पष्ट करा' हा प्रश्न एक वर्ष बाजूला ठेवा आणि पोरांना विचारा: तुम्ही पुरूच्या जागी असता तर हो म्हणाला असता का?