यकृताची क्षमा आणि आपला निश्चय

उपवासकाळात आपल्या गावातील बरीच मंडळी दारूला शिवत नाहीत. राखेच्या बुधवारी केलेला नेम ती चाळीस दिवस मनापासून पाळतात. त्या घरांतल्या बायका-मुलांना हे दिवस सणासारखे वाटतात. मग पुनरुत्थानाचा रविवार उजाडतो, दुपारच्या जेवणाआधी बाटली उघडते आणि 'चाळीस दिवसांची भरपाई' सुरू होते. आपणही हसतो आणि आपला पेला पुढे करतो. त्या हसण्याविषयी आज थोडा विचार करू या.

आपल्या उजव्या बरगड्यांखाली सुमारे दीड किलो वजनाचे यकृत अहोरात्र राबत असते. त्याच्यासारखा सोशिक अवयव दुसरा नाही. जिवंत दात्याने यकृताचा अर्ध्याहून अधिक भाग दिला, तरी उरलेला भाग काही महिन्यांत जवळजवळ पूर्वीएवढा वाढतो. दारूमुळे यकृतात चरबी साठली असेल आणि इजा त्यापुढे गेली नसेल, तर दारू पूर्ण बंद केल्यावर काही आठवड्यांत ती चरबी उतरू लागते. म्हणजे उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत यकृताने क्षमा करायला सुरुवातही केलेली असते. ईस्टरच्या दुपारी आपण ती क्षमा परत करतो.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. मिळालेली क्षमा म्हणजे पुन्हा चुकण्याची मुभा, की बदलण्याची संधी? पापनिवेदनाला जाताना 'पुन्हा असे करणार नाही' असा निश्चय लागतो, हे आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. निश्चय मोडू शकतो, कारण माणूस दुबळा आहे. परंतु मोडायचा हे आधीच ठरवून केलेला निश्चय हा निश्चयच नव्हे. देवाच्या दयेला अंत नाही. यकृताच्या सहनशक्तीला मात्र अंत आहे. वर्षानुवर्षे इजा होत राहिली की त्यात व्रण साठत जातात, ते कठीण होते. पुढे पोटात पाणी होते, कावीळ होते. अशा यकृताला पूर्ववत होणे बहुधा जमत नाही. आणि तोपर्यंत ते फारशी तक्रारही करीत नाही. दुखत नाही, म्हणून आपण निर्धास्त राहतो.

येथवर वाचून काहींना वाटेल, आम्ही पीत नाही, हे आमच्यासाठी नाही. आम्हालाही तसेच वाटत होते. गेल्या वर्षी आमच्या समूहातील एका भगिनीच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघाले. तिने आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. ती म्हणाली, "हे सांगायची मला लाज वाटली. लोक काय समजतील?" तिचे हे बोलणे आम्हाला लागले. यकृताचा आजार म्हटला की माणसावर शिक्का मारायची सवय आपल्यालाच आहे ना?

बैठे काम, वाढलेले पोट, मधुमेह, गोड पेये आणि मैद्याचे पदार्थ यांनीही यकृतात चरबी साठते. अनेकदा आनुवंशिकताही त्यात भर घालते. २०२१ साली केंद्र सरकारने या आजाराचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात समावेश केला, इतका तो पसरला आहे. त्यावरचा पहिला उपाय साधा आहे. वजन जास्त असलेल्याने ते हळूहळू पाच टक्के उतरवले तरी यकृतातील चरबी कमी होते. सात ते दहा टक्के उतरवले तर सूजही ओसरू शकते. ऐंशी किलोच्या माणसासाठी हे चार ते आठ किलो झाले. आठवड्यातून दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालणे, ताटात भाजी वाढवणे, साखर कमी करणे, एवढ्यापासून सुरुवात होते. ती भगिनी आता सकाळच्या मिस्साला चालत येते.

"माझे शरीर, माझी मर्जी" असे कोणी म्हणेल. परंतु आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढणारी पत्नी आणि शिक्षण सोडून कामाला लागणारा मुलगा यांची मर्जी कोण विचारतो? आपले शरीर देवाने आपल्याकडे सोपवलेली ठेव आहे, आणि तिच्यावर घरच्यांचाही हक्क आहे.

हा बदल एकट्याने पेलत नाही. मांडवात "आज तरी घे" म्हणणारे आपण आणि "एवढ्याने काय होतंय" म्हणत ताटात आणखी वाढणारे आपण, त्या आजाराचे भागीदार आहोत. यापुढे 'नको' म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा आग्रह न करणे, ही मोठी सेवा ठरेल. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडणे धोक्याचे ठरू शकते. त्याला टोमणे मारण्याऐवजी डॉक्टरांकडे आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेला सोबत घेऊन जाऊ या. आणि ज्याचे यकृत भरून येण्यापलीकडे गेले आहे, त्याच्या खाटेजवळ हिशेब न मांडता बसू या. आजार ही शिक्षा नव्हे, आणि आपण न्यायाधीश नव्हे.

पुढच्या ईस्टरला दुपारी पेला पुढे करण्यापूर्वी आपण क्षणभर थांबू या. समोरच्या बंधूने चाळीस दिवसांत जे कमावले, ते त्याच्याकडेच राहू द्यावे.