परत आलेले कपडे

नोव्हेंबरात आपण कबरस्तानात जाऊन फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. घरी आल्यावर कपाटातला एक खण मात्र उघडायला आपला हात धजत नाही. त्यात बाबांचा चष्मा असतो, आजीची रोझरी असते. ठेवावे की देऊन टाकावे, हे आपल्याला वर्षानुवर्षे ठरवता येत नाही.

पहिल्या महायुद्धातील रोलंड लेटन हा इंग्रज लेफ्टनंट २३ डिसेंबर १९१५ रोजी फ्रान्समध्ये मरण पावला. वय अवघे वीस. आदल्या रात्री काटेरी तारा तपासताना त्याला गोळी लागली होती. नाताळच्या रजेवर तो येणार म्हणून वाग्दत्त वधू व्हेरा ब्रिटन वाट पाहत होती. तो कॅथलिक झाल्याचे तिला त्याच्या मृत्यूनंतरच समजले.

जानेवारीत सैन्याने त्याचे सामान घरी पाठवले. गोळीने फाटलेला कोट, रक्ताने कडक झालेली बंडी, घाईघाईने कापलेली विजार, आणि सगळ्यावर फ्रान्सचा चिखल. त्या वासाने खोली भरून गेली. आईने नवऱ्याला सांगितले, हे घेऊन जा, जाळा नाहीतर पुरा. हा माझा मुलगा नव्हे.

ही आई निष्ठुर होती का? आम्हांला तसे वाटत नाही. पण प्रश्न सुटत नाही. हुतात्म्यांची रक्ताळलेली वस्त्रे ख्रिस्तसभेने आदराने जपली आहेत. मग हीच का जाळायची? कदाचित हुतात्म्याचे वस्त्र त्याने काय दिले ते सांगते. हे कपडे मात्र त्या मुलाकडून काय हिरावले गेले तेच सांगत होते.

तरी एक खंत उरते. व्हेराचा भाऊ एडवर्ड याला सोम्मच्या लढाईतील शौर्याबद्दल १९१६ साली मिलिटरी क्रॉस मिळाला. असे पदक घासूनपुसून पेटीत ठेवता येते, पाहुण्यांना दाखवता येते. चिखलाचा कोट कोण दाखवील? सगळेच कोट जाळले आणि पदके तेवढी ठेवली, तर नातवंडांना युद्ध चकचकीतच दिसणार. (आपल्याकडच्या शाळांतले तक्तेही काही वेगळे नाहीत.) व्हेराने ते कपडे ठेवले नाहीत, पण भावाला पत्रात त्यांचे वर्णन लिहिले आणि १९३३ साली आपल्या आत्मकथेत जगापुढे मांडले.

एडवर्डही जून १९१८ मध्ये इटलीत मारला गेला. व्हेरा १९७० साली वारली. तिच्या इच्छेनुसार तिची रक्षा एडवर्डच्या कबरीवर विखुरण्यात आली.