भूमिगत धन आणि शोधकाचा धर्म

पायाळू माणसाला जमिनीखालचे धन दिसते, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. त्या धनावर नाग बसलेला असतो, त्याला कोणी राखणदार असतो, आणि अनधिकाराने हात घालणाऱ्याच्या घरी ते टिकत नाही, ही तिचीच पुरवणी. या समजुतीपायी गुप्तधनाच्या नावाने अघोरी कृत्ये झाली आणि महाराष्ट्रात २०१३ सालच्या कायद्याने ती दंडनीय ठरवावी लागली; तेव्हा तिचे गुणगान करण्याचे कारण नाही. तथापि तिच्या पोटात एक शहाणपण होते. दिसणे निराळे आणि घेण्याचा अधिकार निराळा, हे तिने गृहीत धरले होते. आज पायाळूची जागा धातुशोधक यंत्राने घेतली आहे. पैसे मोजले की ते कोणालाही मिळते; नाग आणि राखणदार मात्र त्याच्या पेटीतून येत नाहीत. ज्याला जमिनीखालचे कळते त्याचे त्या वस्तूशी नाते काय, हा प्रश्न आता माणसालाच सोडवावयाचा आहे.

यंत्राची कृती गूढ नाही. दांड्याच्या टोकाशी तारेचे वेटोळे असते. त्यातून दिशा पालटणारा विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. खाली धातू असल्यास त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, आणि त्यांचे क्षीण प्रत्युत्तर टिपून यंत्र नाद करते. अडचण अशी की, प्रत्युत्तर केवळ वस्तूच देत नाही. ती जेथे पडली आहे ती जागाही देते. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असेच एक यंत्र सिद्ध केले. शोध फसला. गादीखाली पोलादी तारांची दुसरी गादी आहे, हे बेल यांना मागाहून कळले. शिवाय गोळी उजव्या अंगास आहे अशी मुख्य वैद्याची खात्री असल्याने तपासणीही त्याच बाजूस झाली. शवचिकित्सेत ती डाव्या बाजूस सापडली. यंत्राने आपले काम केले होते. जागेचा नाद आणि शोधणाऱ्याचा आग्रह, दोन्ही त्याच्या आड आले.

भूमीचे स्वभावही असेच वेगवेगळे असतात. कोरडी स्वच्छ वाळू जवळजवळ मूक असते. दख्खनची काळी जमीन बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्यात चुंबकी लोहाचे कण असतात. परंतु जेथे ते सारख्या प्रमाणात पसरलेले असतात तेथे यंत्र एकदा जुळवून घेतले की बरेच अंतर निभावते. समुद्रकाठची ओली वाळू वेगळीच खोड करते. खारे पाणी स्वतःच वीजवाहक असल्यामुळे साधे यंत्र लाटेच्या रेषेजवळ गेले की अकारण ओरडू लागते, आणि दहा पावले वर कोरड्या वाळूत आले की निमूट होते. तेथे संवेदनक्षमता उतरवावी लागते, किंवा एकाच वेळी अनेक कंप्रतांवर चालणारे यंत्र वापरावे लागते.

सर्वांत हट्टी भूमी म्हणजे आपल्या कोकण-गोव्याचा जांभा. ज्या चिऱ्यांनी आपली घरे, तळ्या आणि प्राकार उभे राहिले, तो दगड लोहाने इतका भरलेला की तांबडा रंग त्याचाच. हे लोह सर्वत्र सारखे नसते. एका पावलावर थोडे, दुसऱ्या पावलावर फार. एखादा सुटा खडा तर पैशासारखाच वाजतो. अशा जमिनीत प्रथम धातुरहित जागा निवडून वेटोळे वीतभर वर-खाली करावयाचे, आणि जवळ नेताना व दूर नेताना नाद पालटेनासा होईपर्यंत समतोल साधावयाचा. काळ्या जमिनीत हे एकदा केले तरी चालते. जांभ्यावर दर काही पावलांनी पुन्हा करावे लागते. वेटोळे लहान घ्यावे, म्हणजे एका वेळी थोडीच माती त्याच्या दृष्टीत येते. फिरवावे सावकाश. शंकास्पद नाद आल्यास आडवा व उभा अशा दोन दिशांनी पडताळावा. पुरलेल्या वस्तूचा नाद बहुधा एका जागी ठाम राहतो, मातीचा नाद सरकतो व विरतो. आणि नवख्याला जी गोष्ट पटत नाही ती ही की, येथे यंत्राची शक्ती कमी करावी लागते. अधिक सापडावे म्हणून जो कळ पूर्ण पिळतो त्याला केवळ मातीच ऐकू येते. लोभाला भूमीने दिलेले हे उत्तर मला तरी मोठे मार्मिक वाटते.

आता नीतीचा प्रश्न प्रथम कोठे उभा राहतो ते पाहू. खणण्याच्या वेळी तो उभा राहतो असे आपण समजतो. वस्तुतः तो ऐकण्याच्या वेळीच उभा राहिलेला असतो. बहुतेक यंत्रांत लोखंडाचा नाद वगळण्याची सोय असते. इंग्रजीत तिला जे नाव आहे त्याचा अर्थ 'विवेक' असाच करता येईल. धनशोधक ती कळ दाबतो, कारण त्याला खिळे नकोत. परंतु सुरुंग काढणाऱ्या माणसाला ही चैन परवडत नाही. कंबोडियात जांभ्याचीच जमीन त्याच्या यंत्राला छळते; तरीही प्रत्येक संशयित नाद त्याला गुडघे टेकून, बोटाबोटाने माती सारून पाहावा लागतो, कारण वगळलेला एक नाद कोणाचा तरी पाय घेऊन जाईल. पुराणवस्तुशास्त्रज्ञालाही खिळा हवाच असतो. अमेरिकेतील लिटल बिगहॉर्न येथे १८७६ साली लढाई झाली. १९८३ साली त्या माळावरचे गवत वणव्यात जळाल्यानंतर पुढील वर्षी संशोधकांनी धातुशोधक यंत्रांनी तो माळ पद्धतशीर तपासला. प्रत्येक गोळी आणि प्रत्येक काडतूस जेथे मिळाले तेथे निशाण रोवून जागा नोंदली, आणि त्या जागांवरून सैनिक कोठून कोठे सरकले हे शंभर वर्षांनी उलगडले. मोडीच्या भावाने त्या शिशाला किंमत नव्हती. किंमत होती ती जागेला, आणि जागा खिशात घालता येत नाही.

म्हणूनच मला १९९२ सालच्या नोव्हेंबरातील एक घटना या विषयात फार मोलाची वाटते. इंग्लंडमध्ये सफोक परगण्यातील हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. तो शोधून देण्यासाठी त्याचा मित्र यंत्र घेऊन शेतात गेला. हातोड्याऐवजी रोमनकालीन नाणी व चांदीचे चमचे वर येऊ लागले. थोडे काढल्यावर तो थांबला आणि त्याने अधिकाऱ्यांना कळविले. उरलेले संशोधकांनी जागच्या जागी काळजीपूर्वक काढले, म्हणून ते धन ओकच्या पेटीत कसे रचून ठेवले होते हेही समजले. सुमारे पंधरा हजार नाणी होती. शोधकास साडेसतरा लाख पौंडांचे पारितोषिक मिळाले व त्याने त्यात शेतकऱ्यास वाटेकरी केले. हातोडाही मागाहून सापडला. तो आता संग्रहालयात आहे! याच्या उलट २०१५ साली त्याच देशात लेमिन्स्टरजवळ दोघांना मध्ययुगारंभीचा एक निधी सापडला, आणि त्यांनी तो न कळविता परस्पर विकावयास काढला. २०१९ साली त्यांना कारावास झाला. सुमारे तीनशे नाणी असावीत असा अंदाज. हाती लागली ती मोजकी. त्यांपैकी काहींवर दोन राज्यांचे राजे शेजारीशेजारी बसलेले आहेत, आणि एवढ्यावरूनही त्या काळच्या इतिहासाचा फेरविचार करावा लागला. उरलेली नाणी काय सांगत होती, हे कळण्याचा मार्ग राहिला नाही.

आपल्या वाचकांस अधिक जवळचा वाटेल असा प्रश्न त्याच देशातील सरे परगण्यात, वॉनबरो येथे उत्पन्न झाला. तेथे एका प्राचीन देवालयाचे अवशेष होते. १९८० नंतरच्या दशकात त्या स्थळी नाणी आहेत हे फुटले, आणि यंत्रे घेऊन रात्री-बेरात्री आलेल्यांनी ते शेत पोखरून काढले. हजारो नाणी बाजारात गेली. काहींवर खटले झाले, पण तेथे जुना कायदा आडवा आला. त्या कायद्याप्रमाणे पुन्हा काढून घेण्याच्या हेतूने जे लपविले असेल तेच राजाचे निधान. देवाला वाहिलेले द्रव्य कोणी परत घेण्याच्या हेतूने ठेवीत नाही! म्हणजे चोराच्या भयाने पुरलेल्या धनाला संरक्षण, आणि श्रद्धेने कायमचे दिलेल्या धनाला नाही, असा विपरीत प्रकार झाला. त्या लुटीनंतर चळवळ होऊन १९९६ साली नवा कायदा आला आणि हेतूची ती अट गेली.

या विपरीततेचे उत्तर आपल्या परंपरेत पूर्वीपासून आहे. अर्पण केल्याने दात्याचे स्वामित्व संपते, पण वस्तू बेवारशी होत नाही. ती देवाची होते. आपल्या न्यायालयांनी देवतेस विधिमान्य व्यक्ती मानले आहे. १९७६ साली तमिळनाडूत पत्तूर येथे पडक्या शिवालयाजवळ खणताना एका भूमिहीन मजुरास नटराजाची कांस्यमूर्ती सापडली. ती विकली गेली आणि लंडनला पोहोचली. तेथील न्यायालयात वाद चालला. मूर्तीला चिकटलेली माती व वाळवीच्या खुणा हाही तेथे पुरावा झाला; भूमीनेच साक्ष दिली म्हणावयाचे. ज्या देवळात शतकानुशतके पूजा नव्हती त्या देवळाचा हक्क १९८८ साली मान्य झाला, १९९१ साली वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला, आणि नटराज स्वदेशी परतला.

गोव्याच्या वाचकाला येथे साष्टीची आठवण न होणे अशक्य. सोळाव्या शतकात मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास गेली. देव नेता आले. प्रत्येक घंटा, समई आणि फुलांबरोबर वाहिलेला प्रत्येक पैसा नेता आला असेल असे नाही. त्या जुन्या स्थळांच्या जांभ्यात एखादी गोष्ट असेल तर ती कोणाची? माझ्या मते तिच्यावर पहिला हक्क त्या स्थळाच्या स्मृतीचा आहे, आणि यंत्र चालविण्यात जो जितका निष्णात तितके त्याने तेथे अधिक संकोचाने जावे. नवखा मातीच्या गोंगाटात हरवेल. निष्णात नेमके शोधील, आणि म्हणून नेमके नष्टही करू शकेल.

यावर एक आक्षेप येतो व तो खोडून टाकण्यासारखा नाही. खणले नाही तरी वस्तू कोठे सुरक्षित राहतात? नांगर त्यांना फोडतो, खत गंजवितो, इमारतीचा पाया त्यांना गिळतो. इंग्लंडमध्ये १९९७ पासून हौशी शोधकांनी दाखविलेल्या वस्तूंची नोंद करण्याची योजना आहे आणि तिच्यात दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. दुसरे असे की, पत्तूरच्या मजुरास धर्म शिकविणे सोपे आहे. आपल्याकडील १८७८ सालच्या निधिविषयक कायद्यात दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे, न कळविणाऱ्यास शिक्षा आहे. पण धन बेवारशी ठरल्यास व अन्य करार नसल्यास तीन चतुर्थांश शोधकाला आणि उरलेला जागेच्या मालकाला, अशी वाटणीही त्यातच आहे. ही दुसरी बाजू किती कुदळी चालविणाऱ्यांच्या कानी गेली असेल? ज्याला केवळ दंडच ठाऊक आहे तो वस्तू वितळवील, आणि त्या पापाचा काही भाग न सांगणाऱ्यांच्या पदरी जाईल.

हा विषय हौशी लोकांपुरता नाही. जीर्णोद्धाराचे काम निघाले की देवस्थान समित्या प्रांगणात यंत्राचा फावडा घालतात, आणि दोन दिवसांत तीन-चार शतकांची माती ट्रकातून निघून जाते. संरक्षित स्थळी तर परवान्यावाचून खणताच येत नाही. पण संरक्षण नसलेल्या शेकडो प्रांगणांत विचारणारे कोणी नसते. पाया आखण्यापूर्वी पुरातत्त्व खात्यास पत्र लिहावे, त्यांच्या देखरेखीखाली ती जागा धातुशोधकाने चौकोन पाडून तपासावी, लोखंडाचा नाद न वगळता, आणि जे मिळेल त्याची खोली व जागा पुजाऱ्यासमक्ष वहीत उतरवावी. काढलेली वस्तू घासूनपुसून लखलखीत करण्याची घाई करू नये. तिच्यावरची माती तिच्याबरोबरच ठेवावी.