पाचवा प्रयत्न



पंचाने चुकून आपल्या बाजूने निकाल दिला, तर तो विजय आपला होतो काय? प्रश्न लहान दिसतो. पण माणसाची नीती जोखायला हे माप फार चांगले आहे. चूक आपल्याविरुद्ध झाली की आपण सारेच न्यायाची भाषा बोलतो. तीच चूक आपल्या लाभाची झाली की मात्र जीभ जड होते. या एकाच प्रश्नाला अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉल मैदानांवर दोन उत्तरे मिळालेली आहेत. ती दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत.

हा फुटबॉल आपल्याकडचा पायाने खेळायचा नव्हे. यात चेंडू हातात धरून पळतात, दूर फेकतात. चेंडू दहा यार्ड पुढे नेण्यासाठी संघाला चार प्रयत्न मिळतात. तेवढ्यात साधले नाही तर चेंडू दुसऱ्या संघाला द्यावा लागतो. चार म्हणजे चार. पाचवा प्रयत्न नियमात नाही.

१६ नोव्हेंबर १९४० रोजी हॅनोव्हर येथे डार्टमथ आणि कॉर्नेल यांचा सामना झाला. कॉर्नेलचा संघ सलग अठरा सामन्यांत हरलेला नव्हता. त्या दिवशी मात्र सामना संपत आला तरी डार्टमथ ३–० असा पुढे होता. कॉर्नेलचा चौथा प्रयत्न फसला. चेंडू डार्टमथकडे जायला हवा होता. पण मुख्य पंच रेड फ्रिसेल यांची मोजणी चुकली आणि त्यांनी चेंडू पुन्हा कॉर्नेललाच दिला. त्या पाचव्या प्रयत्नात कॉर्नेलने गुण मिळवले आणि सामना ७–३ असा जिंकला.

नंतर सामन्याची फिल्म पाहण्यात आली. प्रयत्न पाच झाले होते, यात शंका उरली नाही. फ्रिसेल यांनी आपली चूक उघडपणे कबूल केली. परंतु सामना संपल्यावर निकाल फिरवण्याचा अधिकार नियमाने त्यांना नव्हता. म्हणजे कॉर्नेल गप्प बसले असते, तर कायद्याने त्यांना कोणी हात लावू शकले नसते. ते गप्प बसले नाहीत. दोन दिवसांत, सोमवारी, त्यांनी डार्टमथला तार केली आणि विजय सोडून दिला. आजही त्या सामन्याची नोंद डार्टमथ ३, कॉर्नेल ० अशीच आहे.

आता दुसरे उत्तर पाहू. ६ ऑक्टोबर १९९० रोजी मिसुरी विद्यापीठाच्या मैदानावर कोलोराडोचा संघ २७–३१ असा मागे होता. शेवटच्या क्षणांत प्रयत्नांचा क्रमांक दाखवणारा फलक एकदा बदलायचा राहिला. पुढची मोजणी त्या चुकीवरच चालली. आपण जिंकलो, असे समजून मिसुरीचे प्रेक्षक मैदानात धावले. प्रत्यक्षात वेळ संपता संपता कोलोराडोने पाचव्या प्रयत्नात गुण मिळवले आणि ३३–३१ असा विजय त्यांच्या नावावर लागला. त्या पंचांना त्यांच्या संघटनेने निलंबित केले. निकाल मात्र कायम राहिला. प्रशिक्षक बिल मॅकार्टनी यांनी विजय परत करण्यास नकार दिला. मैदान घसरडे होते, अशी उलट तक्रार त्यांनी केली. वास्तविक ते स्वतः मिसुरी विद्यापीठाचेच माजी खेळाडू! त्या वर्षीच्या राष्ट्रीय अजिंक्यपदात कोलोराडोला वाटा मिळाला. पुढे १९९८ साली मॅकार्टनी यांनी त्या प्रसंगाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. जे कॉर्नेलला दोन दिवसांत साधले, तेवढे मनाने कबूल करायलाही येथे आठ वर्षे लागली.

कोणी म्हणेल, पंचाचा शब्द अखेरचा मानला नाही तर खेळ संपणार कसा? हा आक्षेप योग्य आहे. पंचाच्या निर्णयाने सामना संपतो आणि संपलाच पाहिजे. हरलेल्याने पंचाच्या अंगावर धावून जाण्याचा हक्क कोणालाही नाही. पण सामना संपला म्हणून सत्य बदलत नाही. कॉर्नेलने पंचाचा अवमान केला नाही; त्याने कबूल केलेली चूक फक्त स्वतः वापरली नाही. निकाल देणे पंचाचे काम आहे. तो लाभ पदरात घ्यावा की नाही, हे ठरवणे ज्याच्या पदरात तो पडला त्याचे काम आहे. हे दुसरे काम पंचावर ढकलता येत नाही.

मग प्रेक्षकांचे काय? नोव्हेंबर १९५१ मध्ये डार्टमथ आणि प्रिन्स्टन यांचा एक अतिशय दांडगाईचा सामना झाला. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याची एकच फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे जेवढे नियमभंग दिसले, त्याच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसले. १९५४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते विद्यार्थी खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखरच तसे दिसत होते. डोळा आपल्या बाजूचा झाला की मोजणीही आपल्या बाजूची होते.

म्हणूनच गर्दीचा आक्रोश हा पुरावा होत नाही आणि गर्दीचा जयघोषही होत नाही. हजारो कंठ एकच ओरडले म्हणून चाराचे पाच होत नाहीत, की पाचाचे चार होत नाहीत. आपली माणसे काय ओरडतात हे बाजूला ठेवून ज्याने त्याने स्वतः मोजले पाहिजे. २००४ पासून तेथे विद्यापीठांच्या सामन्यांत चित्रफीत पुन्हा पाहून निर्णय तपासण्याची पद्धत सुरू झाली. ही सुधारणा चांगलीच आहे. पण चित्रफीत फक्त चूक दाखवते; चुकीचा लाभ सोडायला ती शिकवत नाही. ते शिक्षण घरातच द्यावे लागते.

हा प्रश्न केवळ मैदानावरचा नाही. दुकानदाराने चुकून जास्त परत दिलेले पैसे, परीक्षेत बेरीज चुकून वाढलेले गुण, मोजणीत चुकून आपल्याकडे आलेली हातभर जमीन, हे सारे पाचवे प्रयत्नच आहेत. तेथे पंच नसतो, गर्दी नसते, फिल्मही नसते. मोजणारे आपण एकटेच असतो. आपल्यावर अन्याय झाला तेव्हा जगाने नीट मोजावे, अशी आपली मागणी असते आणि ती रास्त आहे. ती मागणी करणाऱ्याने स्वतःच्या लाभाच्या वेळीही तितकेच नीट मोजले पाहिजे. आज रात्री जेवताना मुलांना ही गोष्ट सांगा आणि विचारा : तुम्ही कॉर्नेलच्या जागी असता, तर तार केली असती काय? मुलांनी उत्तर देण्यापूर्वी आपण आपले उत्तर मनाशी देऊन ठेवावे.