गोडी लावणें आणि नादीं लावणें

मराठींत ‘एखाद्याला गोडी लावणें’ असें आपण म्हणतों आणि ‘एखाद्याला नादीं लावणें’ असेंही म्हणतों. दोहोंतही एक माणूस दुसऱ्याला आपल्या आवडीकडे ओढीत असतो; पण पहिल्याबद्दल आपण त्याचे उपकार मानतों व दुसऱ्याबद्दल त्याला बोल लावतों. हा भेद विषयामुळें पडतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे: वाचनाची गोडी आणि पत्त्यांचा नाद. परंतु थोडा विचार केला तर ही समजूत टिकत नाहीं. पत्त्यांच्या डावानें घरांतील मंडळी एकत्र आल्याचें आपण पाहतों, आणि वाचनाच्या आग्रहानें पुस्तकाचा कायमचा वीट आलेलीं मुलेंही पाहतों. मग भेद कशांत आहे?

हा प्रश्न मला पडला तो एका लहानशा प्रसंगानें. आमचें बिऱ्हाड नाशकास द्वारकेजवळ आहे. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता जेथें मिळतात तो हा चौक. मध्यरात्र उलटली तरी येथें मालमोटारींची वर्दळ थांबत नाहीं आणि दिव्यांच्या उजेडानें आकाश धुरकट झालेलें असतें. अशा जागीं राहून मला तारे पाहण्याचा छंद आहे. हिंवाळ्यांत मृग आणि व्याध तेवढे ठळक दिसतात. कृत्तिकांचा पुंजका मात्र नजर ठरवून शोधावा लागतो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला मी रोज जेवणानंतर गच्चीवर नेत असें व नक्षत्रांचीं नांवें सांगत असें. तोही मुकाट्यानें मान वर करून उभा राही. एके दिवशीं जेवतांना त्यानें विचारलें, “बाबा, आज आभाळ आलें आहे ना?” आज तारे दिसणार नाहींत म्हणून तो हिरमुसला असावा, असें मला वाटलें. मीं त्याच्या तोंडाकडे पाहिलें, तेव्हां कळलें कीं, ती आशा होती.

मुलगा ताऱ्यांसाठीं गच्चीवर येत नव्हता. माझ्यासाठीं येत होता. त्याच्या मायेला मीं जिज्ञासा समजलों, आणि आपण त्याला कांहीं देत आहों अशा समाधानांत त्याची संध्याकाळ घेत राहिलों.

छंद एकट्याचा असतो, पण त्यांतला आनंद एकट्यानें पचत नाहीं. चांगला राग ऐकला कीं शेजारच्याकडे पाहावेंसें वाटतें. या इच्छेंत औदार्य असतें, आणि त्याबरोबर एक मागणीही असते. ‘मला जें आवडतें तें तुलाही आवडूं दे’ असें म्हणतांना ‘मला आवड’ असेंच आपण अर्धें म्हणत असतों. आप्तांना ही मागणी नाकारणें अवघड जातें. परका मनुष्य कंटाळला तर उठून जातो. आपलें माणूस कंटाळा लपवितें. म्हणूनच ज्याच्यावर प्रेम करावें त्याच्यावरच आपल्या आवडीचा जुलूम होण्याचा संभव अधिक.

यावर कोणी म्हणेल कीं, आग्रहच केला नाहीं तर कोणास कशाची गोडी लागणार? लहान मुलाला पुढें काय आवडेल हें त्याचें त्यालाही ठाऊक नसतें. हा आक्षेप खरा आहे. बहुतेक गोडी कोणाच्या तरी बोटाला धरूनच लागते. तेव्हां आग्रह असावा कीं नसावा यापेक्षां तो कोणत्या जातीचा असावा, हाच प्रश्न उरतो.

द्वारकेहून याच रस्त्यानें मुंबईच्या दिशेस गेलें असतां पांडवलेण्यांच्या पायथ्याशीं दादासाहेब फाळके यांचें स्मारक लागतें. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेल्या या गृहस्थांनीं १९१०-११ च्या सुमारास मुंबईंत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि त्यांना वेड लागलें. तोच चित्रपट पाहण्यास पुन्हां गेले तेव्हां त्यांनीं पत्नी सरस्वतीबाई यांना बरोबर नेलें. त्या वेडापायीं त्यांच्या डोळ्यांवर ताण पडला, विम्याची पॉलिसी गहाण पडली, बाईंचे दागिनेही गेले. १९१२ सालीं विलायतेहून सामग्री आणल्यावर सरस्वतीबाई फिल्मच्या कडांना भोकें पाडण्यास शिकल्या, रसायनें कालवूं लागल्या, चित्रणाच्या वेळीं उन्हांत पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहिल्या आणि साऱ्या मंडळीचा स्वयंपाकही त्यांनींच केला. ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. त्यांतील रोहिदास म्हणजे फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. त्याच वर्षीं हें कुटुंब नाशकास आलें. पुढें ‘कालिया मर्दन’ मध्यें (१९१९) कन्या मंदाकिनी कृष्ण झाली.

ही हकिकत आपण सहधर्मचारिणीच्या त्यागाची म्हणून कौतुकानें सांगतों. मला तींत एक कांटाही दिसतो. हरिश्चंद्राची कथा तरी काय आहे? एकाच्या व्रतापायीं त्याची पत्नी आणि पुत्र विकले गेले. चित्र पडलें असतें, तर याच पुरुषाला आपण आपला संसार नादीं लावणारा ठरविलें असतें. यशानें निकाल फिरतो. कृत्य तेंच राहतें. शिवाय त्या काळच्या पत्नीला ‘नाहीं’ म्हणण्याची मोकळीक कितपत होती, हा प्रश्नही टाळतां येत नाहीं.

तरी एक गोष्ट फाळक्यांच्या पदरीं घातली पाहिजे. आपलें कौतुक करण्यासाठीं त्यांनीं पत्नीला समोर बसवून ठेवलें नाहीं. तिच्या हातीं काम दिलें. प्रेक्षकाला फार तर ‘वाहवा’ म्हणतां येतें. ज्याच्या हातीं काम आहे त्याला चूक दाखवितां येते, सुधारणा सुचवितां येते, आज थकलों असेंही म्हणतां येतें. भोकें पाडणाऱ्या हाताला फिल्म परकी राहत नाहीं. मीं मुलाला तारे दाखविले, पण त्याच्या हातीं कांहीं दिलें नाहीं. आणि नको म्हणण्याची वाट तर ठेवलीच नव्हती. न आवडण्याची मुभा ठेवून जें दिलें जातें, त्याचीच गोडी लागते. ही मुभा काढून घेतली कीं उत्तमांत उत्तम विषयाचाही नाद होतो.

या हिशेबांत आणखी एक बाजू माझ्याकडून राहून गेली होती. मुलगा गच्चीवर माझ्यासाठीं आला; मी त्याच्यासाठीं कोठें गेलों होतों? शाळेंतून आल्यावर तो सज्जांत उभा राहून चौकांतून जाणाऱ्या मालमोटारींच्या पाट्या वाचतो आणि कोणत्या प्रांताच्या किती गाड्या गेल्या तें एका वहींत टिपून ठेवतो, हें मला माहीत होतें. तो वेळेचा अपव्यय आहे असें माझें मत होतें, आणि तें मीं त्याला एकदोनदां ऐकविलेंही होतें.

त्यानंतर एके संध्याकाळीं मी त्याच्या शेजारीं जाऊन उभा राहिलों. मध्यप्रदेशची गाडी कशी ओळखावी, राजस्थानची कशी, हें त्यानें मला समजावून दिलें. थोड्या वेळानें वही माझ्या हातीं देऊन तो पाणी पिण्यास गेला. तेवढ्यांत नागालँडची एक गाडी गेली. मीं वहींत खूण केली. परत आल्यावर ती बरोबर रकान्यांत आहे कीं नाहीं, हें त्यानें तपासून पाहिलें.